चंदी वाढवली आणि घोडा बिथरला, खुराकानं स्वभाव एवढा बदलतो का?

तंगवाला
नमस्कार मंडळी, जरा गोंधळलोय म्हणून धागा काढतोय. माझा एक कुमैत (तांबूस अंगाचा, काळ्या आयाळीचा घोडा) आहे, खस्सी केलेला, वय ९, टेपनं मोजलं तर वजन साधारण ४५० किलो भरतं. चार वर्षं माझ्याकडे आहे आणि इतका समजूतदार की लहान पोरांना पाठीवर बसवून नुसती दोरी धरून चालायचो मी. दोन महिन्यांपूर्वी काम वाढवलं, रोज तासभर दुडकी आणि कँटर (दुडकीच्या वरची, पळण्याची चाल), अंगानं जरा उतरला असं वाटलं म्हणून खुराकही वाढवला. मका आणि बार्ली भरडून निम्मं निम्मं, वरून मळी, सकाळी एक डबा संध्याकाळी एक डबा. दाणा वाढला म्हणून वैरण कमी केली, आता दिवसाला साडेचार किलोच्या आसपास वाळकं गवत मिळतं त्याला.

तिसऱ्या आठवड्यापासून घोडाच बदलला हो. पत्रा वाजला की उडतो, रोजच्या रस्त्यातल्या दगडाला बुजतो, खोगीर टाकायला एका जागी उभा राहत नाही. आणि तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळायला हात घातला की कान मागं, शेपटी झटकायची आणि मान वळवून दात. परवा बाही धरली त्यानं माझी. गव्हाणीची लाकडी कड पण कुरतडायला लागलाय, शेण कधी घट्ट कधी सैल.

आमच्याकडचे सगळे म्हणतात दाणा डोक्यात गेलाय, सगळं बंद कर आणि नुसता कोंडा घाल. पण मग काम कसं करणार तो? ताकद मिळेल पण घोडा तापट होणार नाही असं काय घालावं? अनुभव असेल तर लिहा प्लीज.

चौखूर
ओट्स बंद करा दादा. ओट्सनं घोडे तापतात हे सगळ्यांना माहितीये.

तंगवाला
@चौखूर ओट्स देतच नाहीये मी. मका आणि बार्ली आहे.

वैरणवाली
दादा, आधी एक काम करा. तुमचा डबा वजनकाट्यावर ठेवा. किती किलो भरतो ते लिहा. डब्यानं खुराक मोजणं ही सगळ्यात मोठी गडबड आहे कारण ओट्स हलके आणि फुगीर असतात, मका जड, त्यामुळे तोच डबा ओट्सनं भरला तर १ किलो आणि मक्यानं भरला तर दीड किलोच्या वर जाऊ शकतो, शिवाय मक्याच्या प्रत्येक किलोत ऊर्जाही जास्त. म्हणजे एक डबा त्याचाही आणि एक डबा याचाही असं म्हणून आपण नकळत जवळपास दुप्पट ऊर्जा घालत असतो. काटा झाला की पुढचं बोलू.

तंगवाला
@वैरणवाली ताई, मोजला. ताण काट्याला पिशवी अडकवून तीनदा मोजला कारण विश्वासच बसेना. अडीच किलो. मी मनात दीड किलो धरून चाललो होतो. दिवसाला ५ किलो दाणा होतोय म्हणजे.

वैरणवाली
वाटलंच होतं. आता बसून लिहिते, लांबेल.

घोड्याचं पोट म्हणजे जठर अंगाच्या मानानं फार लहान, १० ते १५ लिटरचं. निसर्गानं त्याला दिवसातले १६-१७ तास थोडं थोडं चरायला बनवलंय. त्याच्या जठरात आम्ल सतत झिरपत राहतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. ते आम्ल शमवते लाळ, आणि घोड्याला लाळ सुटते ती फक्त चावताना. आता बघा, १ किलो वाळकं गवत चावायला त्याला साधारण ४० मिनिटं लागतात आणि १ किलो ओट्स तो १० मिनिटांत संपवतो. भरडलेला दाणा तर अजून पटकन. तुम्ही वैरण काढून दाणा घातलात म्हणजे पोट भरलं असं तुम्हाला वाटलं पण चावण्याचे तास गेले. साडेचार किलो गवत म्हणजे तीन तासांचं काम. उरलेले एकवीस तास तो काय करणार? गव्हाण कुरतडणार. कुरतडणं ही वाईट खोड नाहीये, तो चावायला काहीतरी शोधतोय.

दुसरं स्टार्च. मक्यात साधारण ६५ ते ७० टक्के, बार्लीत ५५ च्या आसपास, ओट्समध्ये ४० ते ४५. तुमच्या मिश्रणाचे सरासरी ६० टक्के धरा, एका वेळच्या अडीच किलोत दीड किलो नुसता स्टार्च जातोय. घोड्याच्या लहान आतड्यात स्टार्च पचवणारं एन्झाइम मुळात कमी असतं, म्हणून एका वेळेला दर किलो वजनामागे १ ग्रॅम स्टार्च ही सुरक्षित मर्यादा धरतात, फार तर २ ग्रॅमला डोक्यावरून पाणी. तुमच्या घोड्याला ४५० ग्रॅम हवेत, तुम्ही १५०० घालताय.

आणि कच्च्या मक्याचा स्टार्च लहान आतड्यात नीट पचतच नाही, दाणे न शिजवता दिले तर बराचसा तसाच पुढं मोठ्या आतड्यात जातो. ओट्सचा स्टार्च कच्चाच चांगला पचतो, म्हणून ओट्सला उगाच बदनाम करतात याचं मला वाईट वाटतं. मोठ्या आतड्यात पोचलेल्या स्टार्चवर तिथले जंतू तुटून पडतात, लॅक्टिक आम्ल तयार होतं, तंतू पचवणारे चांगले जंतू मरायला लागतात. शेण सैल होणं ही त्याचीच खूण. अशा घोड्याला आतून बरं वाटत नाही आणि ज्याला बरं वाटत नाही तो प्राणी दचकतो, चावतो, उभा राहत नाही.

त्यामुळे "कोणतं खाणं तापट नाही" हा प्रश्न मी दुसरा ठेवीन. पहिला प्रश्न, वैरण किती. वजनाच्या २ टक्के कोरडा चारा दिवसाला, ४५० किलोला ९ किलो, गवतातलं पाणी धरून १० किलो. दीड टक्क्याच्या खाली कधीच जाऊ नये, तुम्ही १ टक्क्यावर आणलाय. आधी हे भरून काढा. आणि नुसता कोंडा अजिबात नको, कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, त्यावर महिनोन्महिने ठेवलेल्या घोड्याच्या हाडातलं कॅल्शियम निघायला लागतं, तोंडाची हाडं सुजतात.

रिकीब
हे वाचून आत्ता जाऊन माझा डबा मोजून आले. काही बोलत नाही. उद्यापासून काटा.

दुडकी
वैरणवाली ताईंचं पटलं पण एक भर घालते. सगळं पोटावर ढकलू नका. मी वर्षानुवर्षं ओट्स घालतेय, माझ्याकडे एक घोडी आहे तिला ३ किलो ओट्स तीन वेळात विभागून घातले तरी ती गाय आहे आणि तिचाच सख्खा भाऊ अर्ध्या किलोवर आभाळाला भिडतो. स्वभाव, वय, जात, सगळं येतं यात. आणि काम. खाणं कामाच्या मागून वाढवायचं असतं, आपण उलटं करतो, उद्यापासून काम वाढणार म्हणून आजच डबा भरतो. मग पाऊस आला किंवा घरी लग्न निघालं की घोडा तीन दिवस ठाणबंद आणि खुराक मात्र पूर्ण. वापरायची नसलेली ऊर्जा कुठंतरी निघणारच.

सुट्टीच्या दिवशी दाणा निम्म्यावर आणा, जमलं तर अजून कमी, आणि वैरण वाढवा. पूर्वी ओझ्याच्या घोड्यांना रविवारी विश्रांती आणि दाणा मात्र पूर्ण असायचा, सोमवारी जुंपले की मागचे पाय लाकडासारखे ताठ, घामानं निथळणार, लघवी कॉफीच्या रंगाची. 'मंडे मॉर्निंग डिसीज' असं नावच पडलं होतं त्याला. स्नायू तुटतात त्यात. काही घोड्यांमध्ये तर ग्लायकोजन (स्नायूतला साखरेचा साठा) साठवण्यातला जन्मजात दोष असतो, त्याचं एक जनुक २००८ मध्ये सापडलं, अशांना स्टार्च जवळपास बंदच करावा लागतो. तुमच्या घोड्याला कामानंतर असा ताठरपणा आला का कधी? आला असेल तर चालवू नका, जागेवर उभा करा आणि डॉक्टर बोलवा.

तंगवाला
@दुडकी नाही, ताठरपणा नाही. चालतो मस्त, उलट जास्तच चालतो.

खुरांचा डॉक्टर
मी पशुवैद्य आहे, घोडे बघतो. धागा चांगला चाललाय म्हणून लिहितोय, पण इथून तपासणी होत नाही हे लक्षात असू द्या.

तंग आवळताना चावायला येणारा घोडा "माजलाय" असं मी पागेत इतक्यांदा ऐकलंय, आणि त्यातल्या बऱ्याच घोड्यांच्या जठराला व्रण असतात. जठराचा वरचा भाग आम्लाला सोसत नाही, तिथं अस्तरच वेगळं असतं. रिकाम्या पोटी घोडा कँटरला टाकला की पोटातलं आम्ल वर उसळतं आणि त्या नाजूक भागाला लागतं. शर्यतीच्या सरावातल्या घोड्यांमध्ये व्रणांचं प्रमाण फार मोठं आहे, दहातल्या आठ-नऊ घोड्यांपर्यंत आकडे गेलेत. तुमच्या घोड्याचं दाणा जास्त, वैरण कमी, कामाचा ताण, सगळंच जुळतंय. पण खात्री फक्त एंडोस्कोपीनं होते. दात आणि खोगिराचं बसणंही तपासून घ्या, काम वाढल्यावर पाठीचा आकार बदलतो आणि जुनं खोगीर टोचायला लागतं.

एक साधी गोष्ट आजपासून करा. स्वार होण्याच्या अर्धा तास आधी त्याला मूठ-दोन मूठ लसूणघास किंवा वाळकं गवत चावायला द्या. पोटात वर तरंगणारा चाऱ्याचा थर तयार होतो, आम्ल उडत नाही. लसूणघासात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त असल्यानं आम्ल शमायला मदतही होते. दाणा मात्र कामाच्या आधी तीन-चार तासांत नको.

आणि कळकळीनं सांगतो, दाणा एकदम कमी करताना सुद्धा घाई नको, आणि वैरण वाढवताना पण. आतड्यातल्या जंतूंना नव्या खाण्याची सवय व्हायला १० ते १४ दिवस द्या. वागणूक बिघडली म्हणून एका रात्रीत सगळं बदललं आणि पहाटे पोटशुळानं लोळणारा घोडा बघायला गेलो असं माझ्या बाबतीत खूपदा झालंय. खुरं गरम लागली किंवा पुढचे पाय पुढं टाकून मागं रेलून उभा राहिला तर मात्र वाट बघू नका, लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या थराची सूज) असू शकतो.

चौखूर
डॉक्टर साहेब धन्यवाद. ओट्सबद्दल मी वर चुकीचं लिहिलं, मागे घेतो.

मोकळं रान
माझा प्रश्न उलटा आहे, इथंच विचारते. माझी घोडी मंद आहे, टाच मारून मारून पाय दुखतात. सगळे म्हणतात ओट्स चालू कर, जान येईल. करू का? अंगानं चांगली भरलेली आहे, बरगड्या दिसत नाहीत.

दुडकी
बरगड्या दिसत नाहीत ठीक, पण हात फिरवल्यावर लागतात का? बोटांनी दाबून शोधाव्या लागत असतील, मानेवर वरच्या बाजूला चरबीची कड आली असेल, शेपटीच्या मुळाशी मऊ उशी लागत असेल तर ती जड झालीये. १९८३ मध्ये अंगलट मोजायची १ ते ९ अशी पट्टी तयार झाली, त्यात साधारण ५ म्हणजे ठीक आणि ७ च्या वर म्हणजे चरबी. जड घोडीला ओट्स घालून जान येत नाही, अजून जड होते. तिला ऊर्जा कमी पडत नाहीये, दमसास कमी पडतोय. रोज चालवा, चढावर चालवा, हळूहळू दुडकी वाढवा. आणि मंदपणा नवा असेल, आधी नव्हता, तर रक्त तपासा, दुखणं शोधा, खुरं खालून बघा.

मोकळं रान
उशी आहे शेपटीपाशी. मानेवर पण आहे थोडी 😔

वैरणवाली
मग ओट्स नकोच ताई. कोवळं हिरवं गवतही जपून, त्यात साखर खूप असते, उन्हाचा दिवस आणि थंड रात्र असली की अजून साठते. अशा घोडीला वाळकं गवत अर्धा-एक तास पाण्यात भिजवून, पाणी फेकून दिलं तर बरीच साखर निघून जाते. वैरण मात्र बंद करून उपाशी ठेवू नका, जड घोड्याला उपाशी ठेवलं तर रक्तात चरबी उतरून जिवावर बेततं.

रिकीब
तेलाबद्दल कुणी बोललं नाही अजून. माझ्या घोड्याला मी दाणा कमी करून तेल सुरू केलं आणि फरक पडला असं मला वाटतं, पण मलाच वाटतं का खरंच पडतो?

वैरणवाली
पडतो, आणि हे तपासून बघितलेलं आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या लोकांचा १९९६ चा अभ्यास आहे, त्यात खुराकात मक्याचं तेल आणि सोयाचं लेसिथिन (सोयाबीनमधला एक स्निग्ध पदार्थ) घालून बघितलं, तेव्हा घोड्यांची आपणहून होणारी हालचाल आणि अचानक आवाजाला, वस्तूला दचकणं कमी आढळलं. घोडे थोडेच होते त्यात, म्हणून तेल पाजलं की घोडा साधू होतो असं कुणी समजू नये, पण पागेत जे दिसतं त्याच्याशी ते जुळतं.

कारण असं सांगतात की दाण्याच्या जेवणानंतर रक्तातली साखर दीड-दोन तासांत चढते, मागोमाग इन्सुलिन, मग उतार. तेलानं आणि तंतूंनी असा चढउतार होत नाही, तंतू मोठ्या आतड्यात सावकाश आंबतात आणि ऊर्जा दिवसभर झिरपत राहते. तोलून बघितलं तर तेलात ओट्सच्या तिप्पट ऊर्जा असते, म्हणजे थोडक्यात भागतं. घोड्याला पित्ताशय नसतं पण यकृतातून पित्त सतत गळत असतं म्हणून सवयीनं तेल पचतं. सुरुवात ३० मिलीनं, दोन-तीन आठवड्यांत वाढवत २५०-३०० मिली, दोन-तीन वेळात विभागून. शेण तेलकट, सैल झालं की मागं या. प्रत्येक १०० मिलीमागे निदान १०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) व्हिटॅमिन ई द्यावं लागतं आणि तेल ताजं हवं, वास मारणारं तेल घोडा खात नाही आणि खाऊही नये.

पण जोरात पळणाऱ्या घोड्याला फक्त तेलावर ठेवता येत नाही. स्नायूतलं ग्लायकोजन संपलं की ते भरायला स्टार्च लागतो, आणि पूर्ण भरायला तरी दोन-तीन दिवस जातात. तंगवाला दादांचं काम तासभर दुडकी-कँटर आहे, त्याला वैरण, भिजवलेला बीट पल्प (साखर काढून उरलेला बीटाचा चोथा), थोडं तेल आणि लागले तर थोडे ओट्स एवढ्यात भागायला हवं.

चौखूर
लसूणघासानं प्रथिनं जास्त जातात आणि त्यानं घोडा तापतो म्हणतात, ते?

खुरांचा डॉक्टर
प्रथिनांनी घोडा बिथरत नाही. जास्तीचं प्रथिन शरीर मोडतं, त्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीतून जातो. घोडा पाणी जास्त पितो, ठाणावर अमोनियाचा वास डोळ्यात जातो, त्या वासानं फुप्फुसांना त्रास होतो. म्हणून सगळी वैरण लसूणघासाची नको, पण स्वभावासाठी तिला दोष देऊ नका. होतं काय, लोक लसूणघास "वरून" घालतात, आधीचं काहीच कमी करत नाहीत, एकूण ऊर्जा वाढते आणि नाव प्रथिनांचं होतं. मॅग्नेशियमच्या पुड्यांचंही थोडं तसंच, कमतरता असेल तर उपयोग आहे, नुसतं शांत करण्यासाठी भरवशाचा पुरावा मला तरी दिसलेला नाही.

तंगवाला
२६ वा दिवस. सगळ्यांचे आभार मानतो आधी.

काय केलं ते सांगतो. पहिले १२ दिवस दाणा रोज थोडा थोडा कमी आणि गवत थोडं थोडं वाढवत १० किलोवर नेलं. मका बंद, बार्ली बंद, मळी बंद. आता ओट्स १ किलो सकाळी, १ किलो संध्याकाळी, म्हणजे एका वेळी स्टार्च ४२०-४५० ग्रॅम, ताईंच्या हिशोबात बसतो. बीट पल्प अर्धा किलो कोरडा तोलून, भरपूर पाण्यात भिजवून. तेल १२० मिलीवर आलंय. मीठ वेगळं ठेवलंय. गवत बारीक भोकांच्या दोन जाळ्यांत टाकतो, एक रात्री दहाला.

डॉक्टर येऊन गेले, एंडोस्कोपी झाली, वरच्या भागात व्रण निघाले. औषध चालू केलं. खोगीर ठीक होतं, दातांना दोन टोकं आली होती ती घासली.

वागणूक. पहिल्या आठवड्यात काहीच फरक नाही, उलट मला वाटलं सगळं फुकट. पंधराव्या दिवशी लक्षात आलं की शेण सारखं पडतंय, गोळे नीट. मग कुरतडणं कमी झालं. बुजणं अजून आहे पण आता थांबतो, बघतो, फुर्र करतो आणि पुढं जातो, आधीसारखा आडवा उडत नाही. काल तंग आवळताना कान मागं गेले पण मान वळली नाही. मी एक भोक आवळून थांबलो, मानेला खाजवलं, दोन घास गवत दिलं, मग दुसरं भोक. तेवढ्या वेळात त्यानं खालचा ओठ सैल सोडला. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

मला सगळ्यात लागलं ते हे की मी त्याला त्या काळात दोनदा चाबूक दाखवला होता. दुखत होतं त्याला.

दुडकी
दादा तुम्ही शोधलंत, तपासलंत, तेच मोठं आहे. आता एक विनंती, औषध आणि खुराक दोन्ही एकदम बदललेत, त्यामुळे कशानं किती फरक पडला हे सांगता येणार नाही. औषध थांबल्यावर खुराक तसाच ठेवा आणि वहीत रोज एक ओळ लिहा. काय दिलं, काय काम केलं, शेण कसं, तंगाला कसा वागला. मी लिहिते, महिन्यानं मागं बघितलं की स्वतःच्या आठवणीवर विश्वास किती ठेवायचा ते कळतं.

तंगवाला
वही घातली आजच. पहिली ओळ लिहिली.

रिकीब
एक शंका, रात्री दहाची जाळी सकाळी उठून बघता तेव्हा रिकामी असते का?

तंगवाला
पहिले आठ-दहा दिवस अगदी कोरडी असायची, जाळीची दोरी पण ओली चघळलेली. आता पहाटे पाचला जातो तेव्हा तळाशी दोन-तीन मुठी गवत असतं आणि हा एक मागचा पाय सैल सोडून उभा असतो, डोळे अर्धे मिटून.